बचतपत्राचे व्याज आणि प्राप्तिकर

आपले देवबाग म्हणजे वाळूची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला दर्या. येथे पैसा बारा महिने सारखा येत नाही. नारळी पौर्णिमा झाली की होड्या पाण्यात जातात. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पर्यटक येतात. जून-जुलैत मासेमारी बंद आणि पर्यटकही नाहीत. हंगामात मिळवायचे आणि पावसाळ्यात पुरवून खायचे, ही आपली जुनी रीत. पूर्वी उरलासुरला पैसा डब्यात नाहीतर पदराच्या गाठीत राही. आता तो मालवणला बँकेत किंवा पोस्टात जातो. पुष्कळ जण त्याचे राष्ट्रीय बचतपत्र घेतात. आपण त्यालाच ‘सर्टिफिकेट’ म्हणतो.

या बचतपत्राच्या व्याजावर प्राप्तिकर आहे की नाही, असे आम्हाला अनेक जण विचारतात. एक म्हणतो, “कागद सरकारचाच. सरकार आपल्याच कागदावर कर कसा घेईल?” दुसरा म्हणतो, “आमच्या बापाने घेतले होते, त्याला काही पडला नव्हता.” तिसऱ्याचा भाचा अमेरिकेत आहे. भाचा म्हणाला, “सरकारी बचत-रोख्याच्या व्याजावर राज्याचा कर नसतो.” तिघांच्याही बोलण्यात थोडे थोडे खरे आहे, आणि म्हणूनच घोटाळा होतो.

आधी उत्तर सांगून टाकू. बचतपत्राचे व्याज हे उत्पन्न आहे. ते तुमच्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवावे लागते. मिळवल्यावर कर भरावा लागेलच असे नाही. आपल्यापैकी बहुतेकांना तो भरावा लागत नाही. पण ‘मिळवावे लागते’ आणि ‘भरावा लागतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट ध्यानात घ्या.

आता त्या तिघांचे पाहू. बापाच्या वेळची गोष्ट खोटी नाही. १९५० आणि १९६० च्या सुमाराला पोस्टात मिळणाऱ्या काही बचतपत्रांचे व्याज करमुक्त होते. ती पत्रे गेली, ते नियमही गेले. आज आपण जे पत्र घेतो ते १९८९ साली निघालेल्या आठव्या मालिकेचे आहे. त्याचे व्याज करमुक्त नाही. छापील कागदही आता मिळत नाही. २०१६ पासून पासबुकात नोंद होते. नाव मात्र ‘सर्टिफिकेट’च राहिले.

भाच्याचेही खरे आहे, पण ते अमेरिकेपुरते. तेथे प्राप्तिकर घेणारी दोन सरकारे आहेत. एक सगळ्या देशाचे आणि एक राज्याचे. काही राज्ये हा कर घेत नाहीत, पण बरीच घेतात. त्यामुळे तेथल्या माणसाला पुष्कळदा दोन विवरणपत्रे भरावी लागतात. देशाच्या सरकारने काढलेल्या बचत-रोख्याचे व्याज देशाच्या विवरणपत्रात धरतात, राज्याच्या विवरणपत्रात धरत नाहीत. म्हणजे तेथेही हे व्याज अगदी मोकळे सुटत नाही. एका दारातून सुटते, दुसऱ्या दारात अडते.

आपल्याकडे दार एकच आहे. पगार, धंदा, व्याज यांवरचा प्राप्तिकर दिल्लीचे केंद्र सरकार घेते. महाराष्ट्र सरकार तो घेत नाही. नोकरदाराच्या पगारातून व्यवसायकर कापला जातो तो राज्याचा, तो वेगळा. घरपट्टी ग्रामपंचायतीची, तीही वेगळी. तेव्हा ‘राज्याचा कर नाही’ हे आपल्याकडे बोलून उपयोग नाही. राज्याचे विवरणपत्रच नाही, तर त्यात काय लिहिणार आणि काय वगळणार?

राज्यघटनेने एक गोष्ट मात्र राज्यांकडे ठेवली आहे. ती म्हणजे शेतीच्या उत्पन्नावरचा कर. म्हणून आपल्या माडांच्या नारळाचे उत्पन्न केंद्राच्या प्राप्तिकरातून मोकळे आहे. येथे कोणी म्हणेल, मग मासळीचेही मोकळे असेल. नाही. मासेमारी कायद्याने शेती नव्हे. होडीचा नांगर टाकला म्हणून काही दर्याची नांगरट होत नाही! मासळी, पर्यटकांची होडी, घरी ठेवलेले पाहुणे, खानावळ, या सगळ्यांतून खर्च जाऊन जे उरते ते उत्पन्नात धरायचे. नारळाचे पैसे बचतपत्रात घातले, तरी त्या पत्राचे व्याज नारळाचे होत नाही. झाडावर पिकले ते शेतीचे, पोस्टात वाढले ते व्याज.

आता हे व्याज वाढते कसे ते पाहू. बचतपत्र पाच वर्षांचे असते. व्याजाचा दर सरकार दर तीन महिन्यांनी जाहीर करते, पण ज्या दिवशी तुम्ही पत्र घेतले त्या दिवसाचा दर तुम्हाला पाचही वर्षे मिळतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये हा दर शेकडा ७.७ झाला आणि २०२५ सालभर तोच राहिला. समजा, या दराने एक लाख रुपये ठेवले. पहिल्या वर्षाचे व्याज ७,७०० रुपये. ते हातात मिळत नाही, मुद्दलात जाऊन बसते. दुसऱ्या वर्षी व्याजावरही व्याज चढते, म्हणून ८,२९३ रुपये होतात. तिसऱ्या वर्षी ८,९३१, चौथ्या वर्षी ९,६१९ आणि पाचव्या वर्षी १०,३६०. पाच वर्षांनी पोस्ट तुम्हाला १,४४,९०३ रुपये देते. त्यात मुद्दल एक लाख, व्याज ४४,९०३. कर मोजायचा तो या व्याजापुरता. मुद्दल आपलेच आहे, त्यावर कर नाही. काही जण सगळी रक्कम उत्पन्न समजून घाबरतात, तसे घाबरू नये.

येथे एका दर्यावर्दी बंधूने आम्हाला चांगला प्रश्न विचारला. “गुरुजी, पाच वर्सां एक पैसो हातात येणा नाय, मगे कर कसलो?”

प्रश्न खरोखर मुद्द्याचा आहे. उत्तर असे, की व्याज धरण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत दर वर्षी जेवढे व्याज चढले तेवढे त्या वर्षी धरायचे, हातात आले नसले तरी. दुसऱ्या रीतीत पाच वर्षे थांबायचे आणि पैसे हातात आले त्या वर्षी पाचही वर्षांचे व्याज एकदम धरायचे. दोन्ही रीती चालतात. पण जी धरली ती सोडायची नाही. आज ही, उद्या ती, असे केलेले चालत नाही.

गरीब माणसाला दोन्ही सारख्याच. ज्याचे उत्पन्न मर्यादेच्या जवळ आहे त्याला मात्र फरक पडतो, आणि तो फार मोठा पडू शकतो. म्हणून एक उदाहरण सविस्तर करू.

समजा, एक गृहस्थ मुंबईत नोकरी करून निवृत्त झाले आणि गावी आले. पेन्शन आणि खोल्यांचे भाडे मिळून, वजावटी जाऊन, त्यांचे उत्पन्न दर वर्षी अकरा लाख रुपये आहे. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी पाच लाखांची बचतपत्रे घेतली. २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला कर भरावा लागत नाही. हे गृहस्थ दर वर्षी व्याज धरत गेले, तर पहिल्या वर्षी ३८,५०० रुपये आणि पाचव्या वर्षी सुमारे ५१,८०० रुपये उत्पन्नात मिळतील. कोणत्याही वर्षी बेरीज बारा लाखांवर जाणार नाही. कर शून्य.

आता दुसरी रीत. पाच वर्षे काही धरले नाही. पाचव्या वर्षी पोस्टाने ७,२४,५१७ रुपये दिले. त्यातले व्याज २,२४,५१७. अकरा लाखांत हे मिळवले की तेरा लाखांच्या वर गेले. बारा लाखांची माफी गेली. आणि ही माफी जाते तेव्हा फक्त वरच्या रकमेवर कर लागत नाही, चार लाखांच्या पुढच्या सगळ्या रकमेवर टप्प्याटप्प्याने लागतो. रेषा थोडीच ओलांडली तर काही सूट आहे, पण येथे ती उपयोगी नाही. हिशेब केला तर उपकर धरून सुमारे ८१,८०० रुपये कर येतो. पैसा तोच, व्याज तेच, माणूस तोच. केवळ कोणत्या वर्षी धरले एवढ्यावरून ऐंशी हजारांचा फरक. एवढ्यात घराची कौले नवी होतील.

आता कोणी म्हणेल, मग पाचव्या वर्षीच सांगू की मागची चार वर्षे आम्ही मनात धरली होती. मनात धरलेले चालत नाही. दर वर्षीच्या विवरणपत्रात तो आकडा लिहिलेला पाहिजे. म्हणून रीत ठरवायची ती पत्र घेतल्यावर पहिल्याच वर्षी.

वर्ष म्हणजे कोणते, तेही सांगतो. मासेमारीचे वर्ष नारळी पौर्णिमेला उजाडते, सरकारचे १ एप्रिलला उजाडते आणि ३१ मार्चला संपते. बचतपत्राचे वर्ष मात्र ते घेतले त्या तारखेपासून मोजतात. समजा, पत्र १० ऑगस्टला घेतले. त्याचे पहिले वर्ष पुढल्या ऑगस्टात पुरे होईल. तो ऑगस्ट ज्या सरकारी वर्षात पडतो, त्या वर्षात पहिल्या वर्षाचे व्याज धरण्याची चालू रीत आहे.

विवरणपत्र कोणी भरायचे? २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला फक्त तेवढ्या उत्पन्नासाठी ते भरण्याची गरज नाही. चार लाखांच्या वर गेले की भरावे लागते, कर शून्य असला तरी. हे पुष्कळांना ठाऊक नसते. समजा, पर्यटकांना घरी ठेवणाऱ्या एका कुटुंबप्रमुखाचे खर्च जाऊन वर्षाचे ३,७०,००० रुपये उरतात. त्याची दोन लाखांची बचतपत्रे एकदम पिकली, तर व्याज ८९,८०७ रुपये. बेरीज ४,५९,८०७. कर नाही, पण त्या वर्षी विवरणपत्र भरणे आले. उद्या होडीच्या इंजिनासाठी किंवा घराच्या डागडुजीसाठी बँकेत कर्ज मागायला गेले, की बँक पहिले कागद मागते तो हाच. तेव्हा भरलेले असले तर आपलेच काम सोपे होते.

जुनी करपद्धतही अजून आहे. ज्याला हवी त्याने ती मागून घ्यावी लागते. न मागितल्यास २०२३-२४ पासून नवीच लागू होते. जुन्या पद्धतीत बचतपत्रात घातलेली रक्कम वर्षाला दीड लाखांपर्यंत उत्पन्नातून वजा होते. पहिल्या चार वर्षांचे व्याजही पुन्हा गुंतवले असे समजून त्याच दीड लाखांत वजा मागता येते. पाचव्या वर्षाचे नाही, कारण ते हातात येते. नव्या पद्धतीत यातले काहीच वजा होत नाही. किसान विकास पत्राला तर जुन्या पद्धतीतही ही वजावट नाही.

आता बायांच्या कामाची गोष्ट. आपल्याकडे मासळी विकते ती बाई. टोपली तिच्या डोक्यावर, हिशेब तिच्या तोंडावर. तिने मासळीच्या पैशातून आपल्या नावाचे बचतपत्र घेतले, तर व्याज तिचे. समजा, तिची वर्षाची कमाई १,८०,००० रुपये आहे आणि एक लाखाच्या पत्राचे सगळे व्याज एकाच वर्षी आले. बेरीज होते २,२४,९०३. कोणत्याही पद्धतीने मर्यादेच्या आत. तिला कर नाही, विवरणपत्रही नाही. पण नवऱ्याने आपले पैसे बायकोला दिले आणि तिच्या नावावर पत्र घेतले, तर कायदा ते व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतो. अज्ञान मुलाच्या नावावर घेतले तर आई-बापांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरतो. नाव कोणाचे यापेक्षा पैसा कोणाचा हे कायदा पाहतो. म्हणून बाईने आपल्या विक्रीचा हिशेब वहीत लिहून ठेवावा. तो तिचा पुरावा आहे. आता लिहिता येते, तर तेवढे करायला हरकत नाही.

महिला सन्मान बचतपत्र नावाची एक योजना २०२३ साली निघाली होती. ३१ मार्च २०२५ ला ती नव्याने घेणे बंद झाले. ज्यांनी ती घेतली त्यांच्या व्याजालाही हाच नियम आहे. ते व्याजही करमुक्त नाही.

मग करमुक्त काहीच नाही का? आहे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे लोक ज्याला पीपीएफ म्हणतात, त्याचे व्याज करमुक्त आहे. मुलीच्या नावाच्या सुकन्या समृद्धी खात्याचेही करमुक्त आहे. पोस्टाच्या साध्या बचत खात्याचे व्याज एकट्याच्या खात्यावर वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत आणि दोघांच्या खात्यावर ७,००० रुपयांपर्यंत मोकळे आहे. ही सगळी पासबुके एकाच पेटीत असतात आणि एकसारखीच दिसतात. कोणते कशाचे आहे ते पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

बँकेच्या मुदत ठेवीत आणि बचतपत्रात आणखी एक फरक आहे. ठेवीवरचे व्याज एका वर्षात ५०,००० रुपयांच्या वर गेले, तर बँक त्यातून शेकडा दहा कर आधीच कापून सरकारात भरते. साठ वर्षांवरील माणसासाठी ही मर्यादा एक लाख आहे. हे आकडे १ एप्रिल २०२५ पासूनचे. पॅन क्रमांक दिला नसेल तर दहाऐवजी वीस कापतात. ज्याला कर लागूच नाही त्याचेही कापले जातात! ते परत मिळतात, पण विवरणपत्र भरल्यावर. त्यापेक्षा वर्षाच्या आरंभीच बँकेला लिहून द्यावे की माझ्या एकूण उत्पन्नावर कर होत नाही, तरी कापू नये. त्यासाठी छापील अर्ज असतो. पूर्वी त्याला ‘पंधरा जी’ आणि वृद्धांसाठी ‘पंधरा एच’ म्हणत. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला आहे, त्यामुळे जुने आकडे सांगत बसू नका. “कर कापू नये म्हणून द्यायचा स्वतःच्या घोषणेचा अर्ज द्या,” असे सरळ म्हणा. मात्र ज्याला कर लागतो त्याने हा अर्ज देऊ नये. खोटी घोषणा हा गुन्हा आहे.

बचतपत्रावर असा कर कोणी आधी कापत नाही. पोस्ट सगळी रक्कम हातावर ठेवते. त्यामुळे माणसाला वाटते, कापला नाही म्हणजे लागत नाही. हा समज सर्वांत महाग पडतो. कापला नाही याचा अर्थ एवढाच, की आठवण करून देणारा कोणी नाही, आपली आपण ठेवायची. सरकारला कळत नाही असेही नाही. बँका आणि पोस्ट दिलेल्या व्याजाची माहिती पॅन क्रमांकावर कळवतात. प्रत्येकाच्या नावाचे एक वार्षिक माहितीपत्रक प्राप्तिकर खात्याच्या संगणकावर तयार होते. ते आपल्यालाही पाहता येते. विवरणपत्र भरण्यापूर्वी ते काढून पाहावे आणि आपल्या वहीशी ताडून घ्यावे. आणि हे ध्यानात ठेवा: जो दर वर्षी व्याज धरत आला, त्याच्या पत्रकात शेवटच्या वर्षी सगळे व्याज एकदम दिसू शकते. तेव्हा मागल्या विवरणपत्रांच्या प्रती दाखवता आल्या पाहिजेत.

बचतपत्र बँकेत तारण ठेवून कर्ज काढले, तरी व्याज तुमचेच. ते धरायचे सुटत नाही. ज्यांचे मुलगे आखातात नाहीतर आणखी कुठे परदेशी स्थायिक आहेत, त्यांनी मुलाच्या नावावर नवे बचतपत्र घेऊ नये. अनिवासी माणसाला ते घेता येत नाही. जाण्यापूर्वी घेतलेले मुदतीपर्यंत ठेवता येते.

विवरणपत्रात हे व्याज लिहायची जागा म्हणजे ‘इतर साधनांपासूनचे उत्पन्न’. पेन्शन, पगार आणि व्याज एवढेच असणाऱ्यांसाठी ‘सहज’ नावाचे विवरणपत्र आहे. लहान धंदा असणाऱ्यांसाठी ‘सुगम’ आहे. नावे सोपी आहेत, पत्रे तितकी सोपी नाहीत, हे आम्ही आधीच सांगतो. बहुतेक जण मालवणला जाऊन कोणाकडून तरी संगणकावर भरून घेतात. त्यात काही वावगे नाही. पण जाताना वही बरोबर न्या. वहीत पत्र घेतल्याची तारीख, रक्कम, दर, दर वर्षी चढलेले व्याज आणि ते कोणत्या वर्षीच्या विवरणपत्रात लिहिले, हे सगळे असावे. भरणाऱ्याला तोंडाने विचारा, “बचतपत्राचे व्याज कोठे लिहिले, दाखवा.” आकडा डोळ्यांनी वाचून पाहा. भरून झाल्यावर पोच मागा आणि पडताळणी झाली का तेही विचारा. पत्र पाठवल्यापासून तीस दिवसांत पडताळणी व्हावी लागते. आधार क्रमांकाला जोडलेल्या मोबाइलवर आकडे येतात, ते टाकले की ती होते. म्हणून जाताना तोच मोबाइल बरोबर ठेवा. तो घरी विसरला तर मालवणची फेरी पुन्हा पडेल.